शाळेबाहेर पडलेले कासव

संगणकाने मुलाला शिकवायचे, की मुलाने संगणकाला? प्रश्न उलटासुलटा वाटेल. पण मुले आणि संगणक यांच्या गेल्या साठ वर्षांतील संबंधांचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. आपल्याकडे शाळांतून संगणक आले, पुढे घराघरांतही पडदे आले. मात्र बहुतेक ठिकाणी चित्र एकच दिसते. पडद्यावर प्रश्न उमटतो, मूल एक कळ दाबते आणि यंत्र 'बरोबर' किंवा 'चूक' असा निकाल देते. म्हणजे आज्ञा यंत्राची आणि पालन मुलाचे!

जी मुले शाळेत न जाता घरीच शिकतात, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो. त्यांच्याजवळ संगणकाचे शिक्षक नसतात, प्रयोगशाळा नसते, शंका विचारायला बाकावरचा सोबतीही नसतो. अशा मुलाने प्रोग्रॅमिंग शिकायचे म्हटले तर काय काय हाताशी असावे लागते? या लेखात आम्ही एका कासवाची गोष्ट सांगणार आहोत. हे कासव प्रयोगशाळेत जन्मले, शाळेत वाढले, काही काळ दुकानात अडकले आणि शेवटी कोणाच्याही घरी मोकळेपणाने जाऊ लागले.

कासवाचा जन्म

१९६० च्या दशकात अमेरिकेत संगणकाच्या साहाय्याने शिक्षण देण्याचे प्रयोग सुरू झाले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सुपेस आणि त्यांचे सहकारी अंकगणिताचा सराव संगणकाकडून करून घेत होते. यंत्र गणित घाली, मूल सोडवी, यंत्र तपासून पुढचे गणित घाली. न थकणारा, न रागावणारा शिक्षक म्हणून या पद्धतीचे कौतुकही झाले.

सेमूर पॅपर्ट यांना मात्र हे पटले नाही. दक्षिण आफ्रिकेत १९२८ साली जन्मलेले हे गणिती जिनीव्हात काही वर्षे ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काम करून अमेरिकेतील एमआयटीत आले होते. मूल ज्ञान नुसते साठवत नाही, ते स्वतः रचते, हा पियाजे यांचा विचार त्यांनी आत्मसात केला होता. मग यंत्राने मुलाला चालवण्याऐवजी मुलानेच यंत्राला चालवले तर? यंत्राला एखादी गोष्ट शिकवायची तर ती आधी स्वतःला नीट कळावी लागते. शिकवता शिकवता आपलीच समज पक्की होते, हा अनुभव आपणा शिक्षकांना नवा नाही. तोच अनुभव मुलाला द्यावा, असे पॅपर्ट यांना वाटत होते.

१९६७ साली केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन, डॅनियल बोब्रो आणि पॅपर्ट यांनी मुलांसाठी एक संगणकभाषा तयार केली. फॉयरझाइग यांनी तिला 'लोगो' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'लोगॉस' म्हणजे शब्द. नाव अर्थपूर्ण होते, कारण ही भाषा आकड्यांपेक्षा शब्दांशी खेळणारी होती. त्या वेळी तिच्यात कासव नव्हतेच! मुले टेलिप्रिंटरसारख्या यंत्रावर आज्ञा टंकलिखित करत, त्या दूरध्वनीच्या तारेवरून दूरच्या संगणकाकडे जात आणि उत्तर कागदावर उमटे.

या काळातील एक प्रसंग पॅपर्ट यांनी नोंदवून ठेवला आहे. व्याकरणात बेताची असलेली एक मुलगी संगणकाकडून वाक्ये तयार करून घेत होती. शब्द कसेही जुळवले की वाक्य निरर्थक होई. शेवटी तिने शब्दांच्या दोन पेट्या केल्या, एकीत नामे आणि दुसरीत क्रियापदे. वाक्ये नीट येऊ लागली आणि नाम-क्रियापद हा भेद कशासाठी असतो, ते तिला उमगले. वर्षानुवर्षे पाठ केलेल्या व्याख्यांनी जे साधले नव्हते, ते यंत्राला शिकवण्याच्या गरजेने साधले.

कासव आले ते यानंतर दोन-तीन वर्षांनी. इंग्लंडमधील मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस चाकांवर फिरणारे छोटे यंत्रप्राणी बनवले होते आणि त्यांना कासव म्हटले होते. त्यांच्यावरून लोगोच्या यंत्रालाही तेच नाव मिळाले. जमिनीवर पसरलेल्या कागदावर ते फिरे आणि पोटाखालच्या लेखणीने रेघ ओढी. पुढे पडद्यावरील एका छोट्या खुणेने त्याची जागा घेतली, पण नाव कासवच राहिले.

चुकांचे मोल

कासवाला मुख्यतः दोनच गोष्टी कळतात, सरळ जाणे आणि वळणे. 'पुढे १००, उजवीकडे ९०' हे चार वेळा सांगितले की चौरस तयार होतो. आता मुलाला त्रिकोण काढायला सांगा. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. म्हणून ते 'पुढे १००, उजवीकडे ६०' हे तीन वेळा सांगते. आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन उघड्यावर पडलेला दिसतो!

इथे यंत्र 'चूक' असा शेरा मारत नाही. सांगितले तेवढे करून स्वस्थ बसते. मग मूल स्वतः उठते, खोलीतच कासव होऊन चालून पाहते, आणि त्याच्या ध्यानात येते की आपण आतला कोन सांगितला, कासवाला मात्र बाहेरच्या बाजूने वळावे लागते. वळण १८० वजा ६०, म्हणजे १२० अंशांचे हवे. तीन वेळा १२० म्हणजे ३६०. चौरसात चार वेळा ९०, तेही ३६०. षटकोनात सहा वेळा ६०, पुन्हा ३६०. साध्या बंद आकृतीभोवती फिरून कासव मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून आले, तर त्याने एक पूर्ण गिरकी घेतलेली असते. 'पुढे १, उजवीकडे १' हे ३६० वेळा सांगितले तर जवळजवळ वर्तुळच उमटते. त्याचा परीघ ३६० पावलांचा, म्हणून व्यास सुमारे ११५ पावलांचा. पाच टोकांच्या चांदणीसाठी १४४ अंशांचे वळण पाच वेळा द्यावे लागते. बेरीज ७२०! असे का, हे शोधण्याचे काम आम्ही वाचकांवर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांवर सोपवतो.

चुकीला लाल शाईने खोडून न टाकता तिचा माग काढायचा, हा प्रोग्रॅमिंगचा खरा संस्कार आहे. पॅपर्ट यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात ही भूमिका सविस्तर मांडली. संगणकामुळे वर्गाबाहेरचे वातावरणच इतके समृद्ध होईल की आजच्या स्वरूपातल्या शाळांना भविष्यात स्थान उरणार नाही, असे धाडसी भाकीतही त्यात होते.

नदीच्या पलीकडे

लोगोचे काम केंब्रिजमध्ये चालू असताना चार्ल्स नदीच्या पलीकडे, बॉस्टन शहरात, शाळेविषयीच एक वेगळा विचार आकार घेत होता. जॉन होल्ट हे तिथल्या परिसरात पाचवीच्या वर्गांना शिकवलेले शिक्षक. मुले वर्गात नापास होतात ती बुद्धी नसल्यामुळे नव्हे, तर भीती, कंटाळा आणि गोंधळ यांमुळे, असे त्यांनी १९६४ सालच्या 'हाउ चिल्ड्रन फेल' या पुस्तकात लिहिले. सुरुवातीला त्यांना शाळा सुधारायची होती. पुढे ती आशा मावळली, आणि १९७७ साली त्यांनी घरीच मुलांना शिकवणाऱ्या पालकांसाठी 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक सुरू केले. १९८१ साली 'टीच युअर ओन' हे पुस्तक आले. होल्ट १९८५ साली निवर्तले, पण चळवळ वाढत गेली. ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२ साली अमेरिकेतील पहिला सक्तीच्या शालेय उपस्थितीचा कायदा झाला, त्याच राज्यातून ही हाक उठली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर झाले.

होल्ट यांचा मुलाच्या कुतूहलावर विश्वास होता आणि पॅपर्ट यांचाही. तेव्हा घरी शिकणारे मूल हा लोगोचा अगदी नैसर्गिक वापरकर्ता ठरायला हवा होता. प्रत्यक्षात मध्ये एक भिंत उभी राहिली, आणि ती पैशाची व परवानगीची होती.

१९८० च्या सुमारास घरात मावणारे छोटे संगणक बाजारात आले. त्यांतील अनेकांत 'बेसिक' ही भाषा आधीच बसवलेली असे. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ती तयार केली होती. त्या काळच्या मासिकांतून खेळांचे प्रोग्रॅम ओळीने छापून येत. मुले ते टंकलिखित करत, एखादे अक्षर चुकले की खेळ चाले ना, आणि ती चूक शोधता शोधता मुले भाषा शिकत. पुढे आकडे बदलून पाहत, रंग बदलत, नियम बदलत. घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकण्याची ही पहिली मोठी लाट. तिचे रहस्य एवढेच, की खेळ कसा बनला आहे ते मुलाला वाचता येत होते.

हळूहळू प्रोग्रॅम डब्यात बंद होऊन विकले जाऊ लागले. माणसाने लिहिलेली मूळ संहिता कंपनीजवळ राही, आणि ग्राहकाला मिळे ते फक्त यंत्राला कळणारे रूप. लोगोचेही असेच झाले. छोट्या संगणकांवरील तिच्या आवृत्त्या बऱ्याच अंशी विकतच्या होत्या. शाळा अनुदानातून त्या घेऊ शकत, एकट्या कुटुंबाला तो वेगळा खर्च होता. विकत घेतली तरी आत काय आहे ते पाहायची सोय नव्हती, आणि मित्राला प्रत देणे हा गुन्हा ठरे.

फुकट नव्हे, मुक्त

ही भिंत पाडण्याचे काम सुरू झाले ते लोगोच्याच घरातून. पॅपर्ट यांचा लोगो गट एमआयटीच्या ज्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत काम करत होता, तिथेच १९७१ पासून रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रॅमर होता. एकमेकांचे प्रोग्रॅम वाचणे, सुधारणे आणि वाटणे ही त्या प्रयोगशाळेची रीतच होती. एकदा तिथे नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडके. जुन्या यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन यांनी अशी सुधारणा केली होती की अडथळा आला की माणसांना सूचना मिळे. नव्यातही तेच करायचे, तर मूळ संहिताच मिळेना. ज्याच्याकडे ती होती, त्याने ती न देण्याचा करार केला होता.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ साली मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठान स्थापन झाले आणि १९८९ साली 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना आला. त्यामागे चार स्वातंत्र्ये आहेत. प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवण्याचे, तो वाचून-अभ्यासून बदलण्याचे, त्याच्या प्रती वाटण्याचे आणि आपण बदललेली आवृत्तीही वाटण्याचे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने घोटाळा होतो. मराठीत तो होऊ नये, कारण 'फुकट' आणि 'मुक्त' हे आपल्याजवळ दोन वेगळे शब्द आहेत. फुकट मिळालेला प्रोग्रॅमही बंद डब्यातला असू शकतो.

या चार स्वातंत्र्यांकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर ती ओळखीची वाटतील. मूल भाषा कशी शिकते? ती वापरून, इतरांचे ऐकून-वाचून, त्यात आपली भर घालून आणि ते दुसऱ्याला सांगून. ज्या भाषेत बोलता येते पण दुसऱ्याचे वाक्य वाचता येत नाही, अशी भाषा कोण शिकू शकेल?

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी 'लिनक्स' सुरू केले आणि लवकरच ते ग्नूच्या परवान्याखाली आणले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी 'पायथन' ही भाषा खुली केली. तिच्या संचात आजही एक कासव आहे. ब्रायन हार्वे हे पूर्वी मॅसॅच्युसेट्समधील एका माध्यमिक शाळेत संगणक शिकवत. पुढे बर्कली विद्यापीठात असताना १९९० च्या दशकात त्यांनी लोगोची मुक्त आवृत्ती तयार केली आणि लोगोवरील आपली पुस्तकेही सर्वांसाठी खुली ठेवली. त्या आवृत्तीच्या आधारे जॉर्ज मिल्स यांनी विंडोजवर चालणारी 'एमएसडब्ल्यू लोगो' बनवली. आपल्याकडील अनेक इंग्रजी शाळांच्या संगणक-पुस्तकांत तीच पोहोचली. २००७ साली एमआयटीतील मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' आणले. त्यात आज्ञा लिहायच्या नसतात, ठोकळ्यांसारख्या जोडायच्या असतात. दुसऱ्याने केलेला प्रकल्प उघडून आतले ठोकळे पाहायची आणि बदलायची सोय त्याच्या गाभ्यातच आहे. २०१२ साली इंग्लंडमधून 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा, ३५ डॉलर किमतीचा संगणक आला. तो लिनक्सवर चालतो, आणि पायथन व स्क्रॅच त्याच्यासोबतच मिळत. मासिकातून प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्या मुलांचे दिवस पुन्हा आणावेत, हाच त्याच्या निर्मात्यांचा हेतू होता.

आपल्याकडे

भारतात शालेय संगणक शिक्षणाची मोठी सरकारी योजना १९८४ साली सुरू झाली. 'क्लास' नावाच्या या योजनेत ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' हे संगणक निवडक शाळांना देण्यात आले. संगणक महाग, म्हणून कुलूपबंद खोलीत. मुलाच्या हाती तो आठवड्यातून काही मिनिटे येई. पुढे केरळ राज्याने मात्र वेगळा मार्ग धरला. २००१ साली स्टॉलमन यांच्या उपस्थितीत तिरुवनंतपुरम येथे मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाची भारतीय शाखा सुरू झाली, आणि त्याच दशकात तिथल्या सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्यात आले.

महाराष्ट्राचाही या कथेशी धागा आहे. पॅपर्ट यांच्या विचारांतून स्फुरलेल्या 'प्रत्येक मुलास एक संगणक' या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या संगणकांवरील 'शुगर' ही प्रणाली पूर्णपणे मुक्त होती, आणि तिच्यातही कासव होते. मुले तो संगणक घरी नेऊ शकत, हे त्याचे वैशिष्ट्य. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने तर मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला समोर ठेवूनच ते रचलेले आहेत.

घरी शिकणाऱ्या मुलांची आपल्याकडील वाट अजून अरुंद आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा शाळा गृहीत धरून लिहिलेला आहे. परीक्षेसाठी मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, आणि १७ नंबरचा फॉर्म तर आपणा सर्वांच्या परिचयाचा. हा फॉर्म भरणारी मुले सगळीच हौसेने घरी बसलेली नसतात. कोणी कामाला जाते, कोणाचे गाव बदलते, कोणी आजारी असते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर काही काळ सगळीच मुले घरी शिकणारी झाली. मुक्त साधनांचा विचार करताना आमच्या डोळ्यांसमोर ही मुलेही आहेत.

यंत्र पुरेसे नाही

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. लोगो शिकले की मुलाची विचारशक्ती आपोआप वाढते, असा समज १९८० च्या सुमारास पसरला होता. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट महाविद्यालयातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ साली तो तपासला. वर्षभर लोगो शिकलेली मुले कामाची आखणी करण्यात इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांनी याला उत्तर दिले की, लोगो हे औषध नव्हे की ज्याचा डोस देऊन परिणाम मोजावा. लाकूड आणि हातोडा दिल्याने घर चांगले होते का, असे कोणी विचारत नाही. घर कोण बांधतो आणि कसे, ते महत्त्वाचे.

आम्हाला या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटते. नुसते कासव हाती दिल्याने काही होत नाही. सोबत कोणी तरी हवे. ते आई-वडील असतील, मोठी बहीण असेल, शेजारचे शिक्षक असतील. त्यांना प्रोग्रॅमिंग येत असलेच पाहिजे असे नाही. 'तू काय सांगितलेस, आणि त्याने काय केले?' एवढे विचारता आले तरी पुष्कळ. मात्र तो प्रश्न विचारल्यावर मुलाला आत डोकावून पाहता यायला हवे, आणि बंद डब्यात ते शक्य नसते.

याचा एक छोटा पण बोलका पुरावा 'केटर्टल' या मुक्त प्रोग्रॅममध्ये आहे. त्यातील कासवाला द्यायच्या आज्ञाही आपल्या भाषेत भाषांतरित करता येतील, अशी त्याची रचना आहे. कोणत्या भाषेची बाजारपेठ मोठी, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. ज्याला गरज आहे त्याने भाषांतर करावे आणि सर्वांना द्यावे. 'फॉरवर्ड' ऐवजी 'पुढे' म्हणता आले, तर पहिलीतल्या मुलाचे आणि त्याच्या आजीचेही काम सोपे होईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये माध्यमिक वर्गांच्या आधीच, सहावीच्या सुमारास, मुलांना कोडिंगची ओळख करून देण्याचा उल्लेख आला आणि महागड्या शिकवण्यांच्या जाहिरातींचा पूर आला. त्यांना भुलण्यापूर्वी एक करून पाहावे. अंगणात खडूने एक खूण करा आणि एका मुलाला कासव करा. दुसऱ्याने फक्त 'पुढे इतकी पावले' आणि 'उजवीकडे इतके अंश' एवढ्याच शब्दांत त्याच्याकडून त्रिकोण चालवून घ्यायचा. पहिल्या प्रयत्नात तो बहुधा जुळणार नाही. तो का जुळला नाही, हे मुलांनाच शोधू द्या. मग संगणकावरचे मुक्त कासव उघडा. आणि आपल्या गावात १७ नंबरचा फॉर्म भरणारे एखादे मूल असेल, तर त्या कासवाची एक प्रत त्यालाही द्या. ती देण्याचा अधिकार तुम्हाला परवान्यानेच दिलेला आहे.